गुडघा गेल्यावर काय? लॉन बॉलच्या चौघी आणि आपले फुटबॉलवाले

पेठेतला_विंगर (धागाकर्ता)

कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्या पोराचं आयुष्य साधारण ठरलेलं असतं. शाळेत असताना तालमीच्या मैदानावर, मग एखाद्या संघात, मग शाहू स्टेडियमच्या भरल्या गॅलरीसमोर चार-पाच हंगाम. आणि सत्ताविशी-अठ्ठाविशीत गुडघा. लिगामेंट गेलं की डॉक्टर 'पळणं बंद' म्हणतात आणि पोरगं रातोरात 'माजी' होतं. पुढं कट्टा, चहा, आणि आताच्या पोरांना पास देता येत नाही म्हणून शिव्या.

पण खेळाडू म्हणजे फक्त गुडघा नव्हे. अंतराचा अंदाज, दडपणाखाली डोकं थंड ठेवणं, शेजारच्याचा चेहरा बघून तो काय करणार हे ओळखणं, हे सगळं गुडघ्याबरोबर जात नाही. ते वापरायला दुसरं मैदान मिळत नाही, एवढाच विषय आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये ते मैदान बऱ्याचदा लॉन बॉलचं असतं, म्हणजे जड चेंडू घरंगळत सोडून लांबच्या छोट्या चेंडूपाशी थांबवायचा खेळ. हिवाळ्यात फुटबॉल नाहीतर रग्बी खेळायचं, पाय थकले की क्लबाच्या हिरवळीवर वाकून चेंडू सोडायचे, ही तिकडची जुनी वहिवाट. आपल्याकडे तसं कोण आहे म्हणून शोधायला गेलो, तर २०२२ च्या त्या चौघींपाशीच अडकलो.

बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धा, महिला चौघींचा सामना. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया, रूपाराणी तिर्की. सुवर्णपदकाच्या दिवशी आपण सगळ्यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो ढकलले आणि आठवड्यात विसरलो. आता बघा, यातली एकही मुळात लॉन बॉलची नव्हती.

लव्हली रांचीची, शंभर मीटर पळायची. दुखापत झाली आणि पळणं सुटलं. मधुकांत पाठक नावाचे क्रिकेटचे पंच होते, त्यांनी तिला २००८ मध्ये या खेळाकडे आणलं. एका राष्ट्रीय स्पर्धेत सत्तर हजार रुपये बक्षीस मिळालं, तेव्हा 'चला, हेच खेळू' असं ठरवलं, हे तिनं स्वतःच सांगितलंय. मला हे फार आवडलं. 'लहानपणापासून स्वप्न होतं' वगैरे काही नाही. पैसे मिळाले, खेळ बरा वाटला, राहिली. पुढं झारखंड पोलिसात कॉन्स्टेबल.

नयनमोनी आसामची, शेतकऱ्याघरची, वजन उचलणारी. तिलाही दुखापतीनंच वेटलिफ्टिंग सोडायला लावलं. नोकरी वनखात्यात. रूपाराणी रांचीचीच, कबड्डीपटू, पुढं रामगढला जिल्हा क्रीडा अधिकारी. पिंकी दिल्लीची, क्रिकेट खेळलेली, आर. के. पुरमच्या दिल्ली पब्लिक स्कूलमध्ये पीटीची बाई. म्हणजे एक धावपटू, एक वेटलिफ्टर, एक कबड्डीवाली, एक क्रिकेटवाली. कुठल्या शाळेच्या स्टाफरूममध्ये शोभेल असा संघ.

पहिल्याच सामन्यात इंग्लंडकडून हरल्या. मग सावरल्या, उपांत्यपूर्व फेरीत नॉरफोक आयलंडला १९-९ नं काढलं. उपांत्य फेरीत समोर न्यूझीलंड, ज्यांच्याकडे गल्लोगल्ली बोलिंग क्लब. सुरुवातीलाच ०-५ नं मागं. मग पुढं, परत मागं. शेवटचा डाव (दोन्ही संघांचे सगळे चेंडू टाकून झाले की एक डाव) सुरू होताना आपण १२-१३ नं मागं होतो. शेवटचे चेंडू रूपाराणीच्या हातात. सामना संपला १६-१३. एकाच डावात चार गुण!

२ ऑगस्टला अंतिम सामना, दक्षिण आफ्रिकेशी. आपण ८-२ पुढं गेलो आणि आता झालंच म्हणेपर्यंत त्यांनी ८-८ केलं, मग १०-८. फुटबॉलमध्ये आघाडी घालवलेला संघ कसा वागतो हे गॅलरीतल्या प्रत्येकाला माहीत आहे, एकमेकांवर ओरडायला लागतो. या चौघींनी तिथून आफ्रिकेला एकही गुण दिला नाही. ओळीनं नऊ गुण, १७-१०. लॉन बॉलमध्ये भारताला त्याआधी राष्ट्रकुलात कुठलंच पदक नव्हतं.

हा धागा त्यासाठी. गुडघे गेलेल्या आपल्या फुटबॉलवाल्यांना असं दुसरं मैदान का मिळत नाही? कुणी हा खेळ बघितलाय, खेळलाय? लिहा.

---

खडूस_काका

लेख छान. पण राग नसावा, हा गोट्यांचा खेळ आहे. म्हातारे इंग्रज पांढरे कपडे घालून खेळतात आणि मध्ये चहा पितात. पदक मिळालं, अभिनंदन. त्याला फुटबॉलच्या पंगतीला बसवू नका.

---

निवांत_नाशिककर

काका, चहा पिण्याला एवढा विरोध असेल तर कोल्हापुरातला फुटबॉलही बंद करावा लागेल.

---

चौथा_पंच

काका, गोट्या म्हणालात ते पूर्ण चूक नाही, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. फक्त यातली गोटी सरळ जात नाही.

लॉन बॉलचा चेंडू पूर्ण गोल नसतो. एका बाजूला किंचित वेगळा घडवलेला असतो, त्यामुळे वेग कमी होत गेला की तो एका अंगाला वळतो. पूर्वी त्यासाठी आत वजन घालायचे, आता नुसत्या आकारावर भागतं. चेंडूच्या दोन्ही अंगांवर गोल शिक्के असतात. लहान शिक्का ज्या अंगाला, त्या अंगाला तो वळणार. नवशिक्याची पहिली फजिती इथंच होते. चेंडू उलटा धरला तर तो लक्ष्याकडे, म्हणजे जॅककडे, वळण्याऐवजी शेजारच्या रिंकमध्ये (खेळायच्या पट्टीत) पाहुणा म्हणून जातो.

जॅक म्हणजे छोटा पांढरा किंवा पिवळा चेंडू, तोच लक्ष्य. पण लक्ष्य जागेवर राहील याची खात्री नाही, कुणाचा चेंडू लागला की जॅक सरकतो आणि सगळा हिशोब बदलतो. मैदान ३१ ते ४० मीटर लांब. चेंडू दीड किलोच्या आसपास, कमाल १.५९ किलो. आणि तो जॅकवर मारायचा नाही, जॅकपाशी नेऊन थांबवायचा. तीसेक मीटर लांब, वळणाऱ्या वाटेनं, वितीभर अंतरात. सोडताना एक पाय उभं राहायच्या छोट्या मॅटवर किंवा मॅटच्या वर हवा, नाहीतर फाउल.

हिरवळीचा वेगही मोजतात, आणि तो सेकंदांत. चेंडू ठरलेल्या अंतरावर जाऊन थांबायला किती सेकंद घेतो ते बघायचं. आकडा मोठा म्हणजे हिरवळ वेगवान, कारण वेगवान हिरवळीवर चेंडू हळूच सोडावा लागतो आणि तो निवांत घरंगळत जातो. इंग्लंडच्या हिरवळी संथ, दहा-बारा सेकंदांच्या. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात चौदा, सोळा, त्याहून जास्त. म्हणून इंग्लंडचा भारी खेळाडू तिकडे गेला की पहिले काही दिवस त्याचे चेंडू हिरवळीच्या कडेला असलेल्या मागच्या चरात जातात.

चौघींच्या खेळात कामाची वाटणी असते आणि ती समजली की त्या अंतिम सामन्याची मजा दुप्पट होते. लीड मॅट टाकते, जॅक सोडते आणि पहिले दोन चेंडू टाकते. म्हणजे डाव आखूड खेळायचा की लांब हे तिच्या हातातून ठरतं. ती लव्हली. दुसरी पिंकी, लीडनं बसवलेलं टिकवणं किंवा तिचं चुकलेलं झाकणं हे तिचं काम. तिसरी नयनमोनी. कुणाचा चेंडू जवळ हे डोळ्यानं कळत नसेल तर फीत घेऊन गुडघ्यावर बसून मोजायचं आणि समोरच्या तिसरीबरोबर गुण ठरवायचे, हे तिसरीकडे असतं. आणि स्किप रूपाराणी. स्किप बाकीच्यांच्या वेळी पलीकडच्या टोकाला जॅकपाशी उभी राहून हातानं खुणा करते, इकडून ये, एवढा जोर दे, याला ढकल. सगळ्यांचे चेंडू झाले की ती चालत मॅटकडे येते आणि शेवटचे दोन टाकते. तोवर जॅकभोवती बारा चेंडूंची दाटी झालेली असते.

गुण असे: ज्या बाजूचा चेंडू जॅकच्या सर्वांत जवळ, त्याच बाजूला गुण. विरोधकाच्या सर्वांत जवळच्या चेंडूपेक्षा आपले जितके चेंडू जवळ, तितके गुण. न्यूझीलंडविरुद्ध शेवटच्या डावात चार मिळाले म्हणजे जॅकच्या जवळचे पहिले चारही चेंडू आपले होते आणि न्यूझीलंडच्या आठातला एकही त्यांच्या आत नव्हता. हे नशिबानं होत नाही, काका.

---

खडूस_काका

फीत घेऊन मोजतात हे आवडलं. आमच्या वेळी टिचभर अंतरावरून मारामाऱ्या व्हायच्या.

---

रांचीत_रमलेला

नोकरीमुळे बरीच वर्षं रांचीत आहे, म्हणून थोडी भर.

टाटा रोडनं शहराबाहेर पडलं की नामकुम लागतं, तिथं लॉन बॉलचं मैदान आहे. २०११ ची राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झारखंडात झाली, लॉन बॉल तिथंच झाला. आपल्याकडे स्पर्धा संपली की स्टेडियमची काय अवस्था होते ते सगळ्यांना ठाऊक आहे, गाजरगवत आणि लग्नाचे मांडव. इथं मात्र खेळणारी माणसं टिकून राहिली. पाठक सर पोरा-पोरींना धरून आणायचे, त्यातले बरेच दुसऱ्या खेळांतून आलेले. पुरुषांचा चौघांचा संघही २०२२ लाच रौप्य घेऊन आला हे बऱ्याच जणांच्या लक्षात नाही. सुनील बहादूर, नवनीत सिंग, चंदनकुमार सिंग, दिनेश कुमार. उपांत्य फेरीत यजमान इंग्लंडला १३-१२ नं हरवलं, अंतिम सामन्यात उत्तर आयर्लंडकडून ५-१८ असा सपाटून मार खाल्ला. पण इंग्लंडला इंग्लंडमध्ये त्यांच्याच खेळात एका गुणानं हरवलंय हो!

आणि धोनीचा किस्सा. जिंकल्यावर लव्हलीनं पत्रकारांना सांगितला होता. धोनी त्यांच्या सरांना ओळखतो, देवडी मातेच्या दर्शनाला जाताना या मैदानावर येऊन गेलाय. देवीचं देऊळही टाटा रोडलाच, त्यामुळे वाटेत पडतं. ऑस्ट्रेलियात गेलो की मीही लॉन बॉल खेळतो, असं तो त्यांना म्हणाला होता. आता रांचीत धोनी आला म्हणजे रस्त्यावर काय होतं ते मी बघितलंय. पण पदकाच्या आधी त्याच मैदानात रोज वाकून चेंडू सोडणाऱ्या बायकांकडे शेजारच्या टपरीवाल्यानंही मान वळवली नसेल.

---

मेलबर्नची_माई

धोनी खरंच बोलला असणार, इथं सगळेच खेळतात. पण 'खेळतात' म्हणजे काय ते सांगते.

आमच्या उपनगरात दोन बोलिंग क्लब आहेत. दुपारी अकरा-बारापासून पांढऱ्या टोप्यांतली पिकली पानं, गंभीर चेहरे, एखादा चेंडू हुकला की 'ओह, बॅड लक' असं हलक्या आवाजात. आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याच हिरवळीवर ऑफिसातली तरणी पोरं चपला काढून, एका हातात बिअर धरून दंगा करतात. याला बेअरफूट बोल्स म्हणतात. क्लबांचे सभासद म्हातारे होत चालले, जागा मोक्याच्या, बिल्डर टपलेले, मग क्लब जगवायला ही युक्ती. आमच्या मराठी मंडळाची एक सहल आम्ही तिथंच केली होती, कांदाभजी घरून नेली. पुरुषमंडळींनी पहिल्या फेरीत जोर लावून चेंडू चरात घातले. जिंकली कोण, तर आमच्या मंडळातली सत्तरीची एक आजी. तिला जोर लावताच येत नव्हता, म्हणून तिचा चेंडू बरोबर थांबायचा.

पण आमच्या दुपारच्या गटात दोघे-तिघे जुने फुटीवाले आहेत (इथं फुटी म्हणजे त्यांचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, हाता-पायांनी खेळतात तो). एकाचे दोन्ही गुडघे बदललेले. वाकता येत नाही म्हणून तो काठीला लावलेल्या चिमट्यानं चेंडू सोडतो. त्याला परवानगी आहे, नियमात बसतं. आणि तो माणूस काय खेळतो! समोर चेंडूंची भिंत उभी असली की बाकीचे विचारात पडतात, हा लगेच वाट दाखवतो, उजवीकडून, लांबून फिरवून आण. मी विचारलं, तुला हे दिसतं कसं? म्हणाला, आयुष्यभर गर्दीतून फट शोधली, आता फट जमिनीवर आहे एवढंच.

धागाकर्त्याचं म्हणणं मला पटतं ते याच्यामुळे.

---

पेठेतला_विंगर (धागाकर्ता)

माई, हा माणूस कोल्हापुरात पाठवा!

फुटबॉलमधलं या खेळात नक्की काय उपयोगी पडेल याचा विचार करतोय. पायाचं कसब तर वाया गेलं. पण पासचा जोर बघा. मधल्या फळीतला चांगला खेळाडू विंगरला पळत्या वाटेवर पास देतो, तेव्हा चेंडू लाइनच्या आत मरायला हवा. जास्त जोर झाला तर थ्रो-इन, कमी झाला तर बचावपटूच्या पायात. मैदान ओलं असेल तर वेगळा जोर, मार्च-एप्रिलमध्ये दगड झालेल्या मैदानावर वेगळा. पंच साहेबांनी हिरवळीच्या सेकंदांबद्दल लिहिलंय ते वाचताना मला हेच दिसत होतं. फरक इतकाच की आपण ते पळता पळता पायानं करतो आणि समोर एक जण आडवा यायला बसलेला असतो.

गोलकीपर मात्र मला स्किपच्या जागी दिसतो. सगळा खेळ समोर दिसतो, ओरडून माणसं हलवायची, आणि शेवटची चूक आपल्या नावावर.

---

चौथा_पंच

रूपाराणीची कबड्डी इथं जुळते. कबड्डीत समोरच्या सातांचं एकाच वेळी भान ठेवावं लागतं, कोण कोपऱ्यात, कोण साखळीत, परतीची वाट कुठं. स्किपचं काम तेच, फक्त दम धरायचा नाही.

वेटलिफ्टरचं मात्र मला आधी कोडं होतं. मग लक्षात आलं, अख्खी हालचाल दर वेळी तशीच्या तशी करायची सवय. पाय तेवढाच पुढं, पाठ तेवढीच वाकलेली, श्वास त्याच क्षणी. स्पर्धा जसजशी शेवटाकडे येते तसतशी दोन्ही खेळांत हीच सवय तारते.

---

रंजना_आत्या

सगळे खेळाच्या कौशल्यावर लिहिताय, मी जरा घरचं लिहिते. मी पीटी टीचर होते, आता निवृत्त.

पोलिसातली बाई, वनखात्यातली बाई, शाळेतली बाई, क्रीडा अधिकारी बाई. म्हणजे चौघींचं पोट पगारावर, खेळावर नाही. आमच्यासारख्या शाळेत पीटीच्या बाईला मैदानावर उभं राहायला मिळणं म्हणजेच चैन. १५ ऑगस्टची कवायत, गॅदरिंग, निवडणुकीची ड्यूटी, वर्ग शांत ठेवायला ऑफ तास. यातून सरावाला वेळ काढायचा आणि वर राष्ट्रीय शिबिराची रजा मंजूर करून घ्यायची. मला एकदा आंतरजिल्हा स्पर्धेसाठी रजा मागितल्यावर 'मॅडम, तुम्ही खेळायला जाणार की खेळवायला?' असं विचारलं होतं. ते वाक्य अजून टोचतं.

पिंकीच्या शाळेची गोष्ट वाचली होती ती वेगळी आणि चांगली आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलासाठी त्या शाळेत लॉन बॉलच्या सरावाची सोय झाली आणि पीटीच्या बाईंच्या पुढ्यातच खेळ येऊन पडला. आता बघा, रांचीत राष्ट्रीय स्पर्धेमुळे मैदान, दिल्लीत राष्ट्रकुलामुळे मैदान. आपण नेहमी म्हणतो या मोठ्या स्पर्धांचे पैसे पाण्यात जातात. बहुतेक वेळा जातातच. पण इथं हिरवळ उरली, आणि त्याच सुमाराला दुसऱ्या खेळांतून बाहेर पडलेल्या बायका हाताशी होत्या. दोन उरलेल्या गोष्टी एकत्र आल्या. सुवर्णपदक कुणी आखून आणलं नाही.

नंतर मान मिळाला हे मात्र खरं. नयनमोनीला २०२२ चा आणि पिंकीला २०२३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

---

खडूस_काका

आत्या, 'उरलेल्या गोष्टी' पटलं. मी जरा मवाळ होतो.

पण एक शंका राहतेच. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही, आशियाई स्पर्धेत नाही. मग पोरांनी यात आयुष्य का घालायचं? चार वर्षांतून एकदा राष्ट्रकुल, बाकी वेळ कोण विचारतो? सरकारी नोकरीच्या खेळाडू कोट्यासाठी लोक खेळ निवडतात हे मान्य करू या की.

---

रांचीत_रमलेला

काका, कोट्यासाठी खेळले तरी बिघडलं कुठं? इकडच्या गावांत हॉकी पण त्यासाठीच खेळतात आणि त्यातून देशाचे संघ उभे राहतात.

आणि राष्ट्रकुल म्हणाल तर एक गंमत सांगतो. २०२६ च्या ग्लासगो स्पर्धेत फक्त दहा खेळ ठेवलेत. हॉकी गेली, कुस्ती गेली, बॅडमिंटन, क्रिकेट सगळं गेलं. आपली पदकांची खाणच बुजवली म्हणा ना. पण बोल्स, म्हणजे आपला लॉन बॉल, राहिला. १९३० ला हॅमिल्टनला पहिली स्पर्धा झाली तेव्हापासून हा खेळ आहे, मध्ये फक्त १९६६ ला किंग्स्टनला नव्हता.

---

चौथा_पंच

त्या १९६६ ची अजून एक गंमत. इंग्लंडचा डेव्हिड ब्रायंट, तोंडात पाईप धरून खेळणारा. एकेरीचं सुवर्ण १९६२ ला त्याचं, १९७० ला त्याचं, १९७४ ला त्याचं, १९७८ ला त्याचं. मध्ये १९६६ ला खेळच नव्हता. नाहीतर सलग पाच झाले असते की नाही यावर इंग्रज आजही वाद घालत असतील. त्याच वर्षी पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीही त्यानंच जिंकली.

फुटबॉलवाल्यांनी हे जरूर ऐकावं. तिसरं जागतिक एकेरी विजेतेपद त्यानं १९८८ ला घेतलं, पहिल्यानंतर बावीस वर्षांनी. बावीस वर्षं! फुटबॉलमध्ये एवढ्या काळात माणूस खेळाडू, प्रशिक्षक, समालोचक आणि शेवटी आमदार होतो.

---

निवांत_नाशिककर

मुद्द्याचं विचारतो. महाराष्ट्रात हा खेळ खेळायचा झाला तर काय लागेल? सोसायटीच्या लॉनवर जमेल का?

---

चौथा_पंच

सोसायटीचं लॉन विसरा. चेंडू फुटाफुटाला उड्या मारेल. हिरवळ अगदी सपाट आणि गवत काही मिलिमीटरच ठेवलेलं लागतं, गोल्फच्या ग्रीनसारखी निगा. पावसाळ्यात आपल्याकडे ते गवत सांभाळणं म्हणजे माळ्याची परीक्षा. बऱ्याच देशांत आता कृत्रिम गालिचा टाकतात, त्याला पाणी-खत नको, उन्हाळा-पावसाळा सारखाच. आपल्याला तोच परवडेल. एक बाजू ३१ मीटरची धरली तरी सहा रिंक आरामात बसतात, म्हणजे एका वेळी अठ्ठेचाळीस माणसं. फुटबॉलच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात मावतं.

चेंडू बाहेरून मागवावे लागतात आणि हाताच्या पंजाच्या मापानं घ्यावे लागतात, त्यात काटकसर करू नका. मोठा चेंडू लहान हातातून निसटतो आणि मग दोष हिरवळीला जातो.

---

पेठेतला_विंगर (धागाकर्ता)

मैदानाच्या एका कोपऱ्यात मावतं हे वाचून डोक्यात किडा वळवळायला लागलाय. आमच्याकडे तालमींना जागा आहेत, इर्षा तर काय विचारूच नका. एका पेठेनं गालिचा टाकला की दुसरी पेठ महिन्यात त्याहून मोठा टाकणार, विषय संपला. माजी खेळाडूंचे संघ आपोआप होतील. फक्त गुण मोजताना फीत धरायला बाहेरगावचा माणूस लागेल, नाहीतर अवघड आहे.

रांचीकर, एक काम कराल? नामकुमला चक्कर झाली तर तिथल्या कुणाला विचारा, नवशिक्यांना शिकवायला आठवडाभर कुणी इकडं येऊ शकेल का आणि खर्च काय होईल. राहायची, जेवायची सोय आमची. तांबडा-पांढरा चालत असेल तर उत्तमच.

---

रांचीत_रमलेला

रविवारी जातो. सकाळी सरावाच्या वेळी कुणी ना कुणी भेटतंच. विचारून इथंच लिहितो.

---

खडूस_काका

फीत धरायला मी येतो. सांगलीचा आहे, कुठल्याच पेठेचा नाही. चहाची वेळ आधी कळवा.